मोगरीचं पथ्य

करावे गावात शेवंताबाईंना लोक वचकून असतात. मी त्यांच्याच घरात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहते, तेव्हा थोडं वचकून असणं मलाही भाग आहे. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. उभा जन्म शाळेत पोरांना दटावण्यात गेला. शेवंताबाई मला 'मास्तरीनबाय' म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

त्यांचं माहेर नावड्याचं. करावे गावात सून म्हणून आल्या तेव्हा इथं भाताची खाचरं होती आणि पलीकडे खाडी. मग सरकारनं जमिनी घेतल्या, शहर बसवलं. ज्या शेतात शेवंताबाईंनी लावणी केली त्याच शेतावर आता सीवूड्सचे टॉवर उभे आहेत. इतर लोक हे सांगताना उसासा टाकतात. शेवंताबाई टाकत नाहीत. "गेला तं गेला. वाकून वाकून कंबर मोरली व्हती," असं म्हणून मोकळ्या होतात. कौलारू घराच्या जागी चार मजले झाले, खोल्या भाड्यानं गेल्या, मुलगा केतन मटेरियल सप्लायच्या धंद्यात शेट झाला. सगळं बदललं. पण घराच्या बाजूच्या पट्टीत पत्र्याच्या सावलीला एक दावण राहिली ती राहिलीच. नवरा गोटीराम होता तोवर तिथं बैल होते. बैल गेले, गोटीराम गेला, मग एक गावठी गाय होती, म्हातारी होऊन तीही गेली. रिकाम्या दावणीकडे बघत शेवंताबाई दिवसदिवस गप्प बसायला लागल्या, तेव्हा केतननं आईसाठी एक जर्सी आणली. पहिलटकरीण, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरी टिकली. तिचं नाव मोगरी.

त्या दिवसापासून बाई परत माणसात आल्या. रोज सकाळी मोगरीला घेऊन त्या टॉवरच्या फाटकासमोरच्या झाडाखाली जाऊन बसायच्या आणि फ्लॅटमधले लोक ऑफिसला जाता जाता गाईला घास घालायचे. कोणी पोळी, कोणी गूळ, कोणी केळी, कोणी काल रात्रीचा पुलाव. अशा गाईवाल्या बायका शहरभर बसतात आणि लोक त्यांच्या हातावर काहीतरी टेकवतात. शेवंताबाईंच्या हातावर टेकवायला कोणी गेलं तर त्या अशा बघायच्या की तो माणूस दुसऱ्या दिवशी रस्ता बदलून जायचा. केतनला हे अजिबात खपायचं नाही. "आई, लोक बोलतात, शेटची आई गाय घेऊन रस्त्यावर बसते," तो म्हणायचा. "बसते. माजीच जमीन व्हती," बाई म्हणायच्या आणि बसायच्या.

नंदिनी त्यांना तिथंच भेटली. टॉवरमध्ये राहणारी, मूळची रत्नागिरीकडची, बेलापूरला एका बँकेत नोकरी. चाळिशीच्या अलीकडची, हसरी, पण हसणं संपलं की चेहरा एकदम थकल्यासारखा व्हायचा. ती एकच पोळी आणायची. ती भरवून झाली की मोगरीच्या मानेवर कपाळ टेकवून क्षणभर उभी राहायची आणि मग बसस्टॉपकडे पळायची. शेवंताबाईंना तिनं पहिल्याच आठवड्यात मावशी केलं आणि शेवंताबाईंनी तिला नंदू. रविवारी ती आमच्या पायरीवर येऊन बसायची, बोलायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, दोनदा आशा लागून मोडली. दुसऱ्यांदा मोडली तेव्हा ती आईकडे गेली नाही, शेवंताबाईंकडे आली. बाईंनी तिला दावणीजवळ बसवून, काही न विचारता, तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडून खायला लावला. हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे, म्हणून पुढचं मला जास्त झोंबलं.

मोगरी पहिल्यांदा व्यायली ती जेठाच्या उकाड्यात. पाडी झाली. शेवंताबाईंचा आनंद काय सांगावा! आणि दूध तर असं की त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. गावठी गाय वासराला पाजून चहापुरतं द्यायची; ही भरलेली बादली द्यायची आणि तरी कास मोकळी वाटायची नाही. गल्लीत सगळ्यांना खरवस गेला, नंदिनीच्या डब्यात सगळ्यात जास्त.

आणि बाईंनी मोगरीला पथ्यावर ठेवलं.

ही त्यांच्या घरची रीत. व्यालेली गाय म्हणजे बाळंतीण, आणि बाळंतिणीला सव्वा महिना जड काही द्यायचं नाही. पेंड बंद, चुणी बंद, दाणा बंद. कोमट पेज, गुळाचा खडा, थोडं सुकं गवत. "बालंतीन हाय ती. जड दिला तं कास सुजल, पोट फुगल. ह्यांच्या आयेपासून आमी असाच करत आयलो," त्या म्हणाल्या. त्यांच्या गावठी गाईंचं त्यात काही बिघडलंही नव्हतं. त्या देतच होत्या इतकं कमी की पेजेवरसुद्धा भागायचं. सव्वा महिन्यानंतर थोडी पेंड सुरू झाली, पण तीही बेतानंच, कारण दिवसभर फाटकासमोर लोक खायला घालतच होते. गाय सकाळपासून चरते आहे, पोट टम्म आहे, मग वरून आणखी कशाला?

मोगरी वाळायला लागली. आधी बरगड्या दिसल्या, मग खुब्याची हाडं वर आली, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खड्डे पडले. दूध मात्र तसंच. केतन एकदा म्हणाला, "आई, गाईनी डाएट चालू केलंय काय?" बाई म्हणाल्या, दुधाची गाय वाळतेच. शेजारची रंजिता म्हणाली, नजर लागली. रंजिताच्या जिभेला हाड नाही. तिच्या मते गावात पाणी गेलं तरी ते नजरेनंच जातं. पण बाईंनी तिचं ऐकून मोगरीच्या गळ्यात बिब्बा बांधला, काळी बाहुली टांगली.

गाय माजावर यायची वेळ आली आणि गेली. भादव्यात एकदाचा माज दिसला. कृत्रिम रेतन करणारा माणूस येऊन गेला. तीन आठवड्यांनी गाय उलटली, म्हणजे गर्भ न राहता परत माजावर आली. पुन्हा रेतन. नवरात्र सरता सरता पुन्हा उलटली. केतननं शेवटचं सांगून टाकलं, "एक लास्ट चान्स. परत उलटली तर मी तिला पनवेलकडच्या गोशाळेत देऊन टाकणार. इथं भाकड गाय कोण पोसणार?" बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्या मुलाला भीत नव्हत्या. रिकाम्या दावणीला भीत होत्या.

आणि अशा घाबरलेल्या बाईच्या कानाशी रंजिता लागली. "मावशी, तुमी बगत नाय? ती टॉवरवाली रोज गाईच्या मानंला कपाल लावते. तिचा स्वताचा काय टिकत नाय. वांझेचा हात हाय तो. रोजचा लागला तं गाय कशी फलल?"

हे ऐकून शेवंताबाई रंजिताला हाकलून देतील असं मला वाटलं. ज्यांनी त्या पोरीला भाकरी भरवली, त्या असलं ऐकून घेतील का? पण त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मोगरी फाटकासमोर उशिरा यायला लागली, नंदिनीची बस गेल्यावर. आणि नंदिनी आपली पोळी रुमालात गुंडाळून बँकेत न्यायला लागली. तिला वाटायचं, मावशींचे गुडघे दुखत असतील.

मग वसुबारस आली. गाय-वासराची पूजा. त्या दिवशी टॉवरमधल्या आणि गावातल्या बायका आमच्या दावणीसमोर जमतात. गावातल्या नऊवारीत, टॉवरमधल्या ठेवणीतल्या पैठणीत, आणि फोटो मात्र दोन्हीकडच्या सारखेच काढतात. मोगरीला झूल घातली होती, पाडीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. बायका रांगेनं पुढे येत होत्या, पायावर पाणी, कपाळी हळदकुंकू, उडदाचा वडा पुढे, पोराबाळांच्या नावानं नमस्कार. आदल्या वर्षी याच रांगेत नंदिनी होती आणि तिच्या कपाळाला शेवंताबाईंनी स्वतः कुंकू लावलं होतं.

या वर्षीही ती आली. हिरवी साडी, ताटात निरांजन, वडे तिनं स्वतः तळलेले. तिची पाळी आली, ती वाकायला गेली, तेवढ्यात शेवंताबाईंनी हात आडवा घातला.

"तू मागं रा, नंदू," त्या म्हणाल्या. "आज लेकुरवाल्यांचा दिस हाय."

आवाज मोठा नव्हता. पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेला. कोणीतरी मोबाइल खाली केला. रंजिता पदराशी चाळा करायला लागली. मी पुढे होऊन म्हटलं, "शेवंताबाई, हे बरं नाही." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तरीनबाय, तुमी यात परू नका."

नंदिनी कशाला चुकून काही बोलेल! ती "बरं" म्हणाली. फक्त बरं. आणि ताट घेऊन वळली. वारा होता, निरांजन विझू नये म्हणून तिनं डाव्या हाताचा आडोसा धरला आणि तशीच, ज्योत सांभाळत, गल्लीतून फाटकापर्यंत चालत गेली. सगळ्या बायका बघत होत्या. ताटातले वडे तसेच होते. त्या दिवसानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही.

दिवाळी संपली आणि तो शेवटचा चान्स घेण्याआधी केतननं कोणाकडून तरी ऐकून जनावरांची डॉक्टर आणली. डॉक्टर संघप्रिया नावाची, तरुण, बोलण्यात फटकळ. मला ती पाहताक्षणी आवडली. तिनं पाडी बघितली, मोगरीच्या पाठीवरून, खुब्यावरून, शेपटीच्या मुळाशी हात फिरवला, आतून तपासलं, आणि हात धुता धुता विचारलं, "व्यायल्यावर हिला काय खायला दिलं?"

शेवंताबाईंनी अभिमानानं सगळं सांगितलं. पथ्य, पेज, सव्वा महिना. मग फाटकासमोरच्या पोळ्या, भात, गूळ. डॉक्टर ऐकत राहिली. मग तिनं मोगरीच्या गळ्यातली काळी बाहुली बोटानं वर उचलली.

"मावशी, हिला नजर नाही लागली," ती म्हणाली. "भूक लागली."

शेवंताबाईंना ते कळलंच नाही. त्यांच्या दारची गाय आणि भूक? त्या चिडून म्हणाल्या, "दिसभर खाते ती. पोट बगा तिचा."

"पोट भरलंय, अंग नाही भरलं," डॉक्टर म्हणाली आणि तिथंच उलट्या बादलीवर बसून तिनं समजावून सांगितलं. गाय व्यायली की दूध झपाट्यानं वाढतं आणि तिची खाण्याची ताकद मागून हळूहळू वाढते. दुधात जेवढं जातं तेवढं खाण्यातून आलं नाही, तर ती स्वतःच्या अंगातलं काढून दुधात घालते. चरबी जाते, मग मांस जातं. अशी झीज चालू असली की शरीर आधी वासराचं दूध सांभाळतं आणि पुढच्या गर्भाचं बघायचं सोडून देतं. माज लांबतो, आला तरी गर्भ धरत नाही. नेमकं ज्या दिवसांत दिवसागणिक खुराक वाढवायचा, त्याच दिवसांत हिचं तोडलं गेलं. गावठी गाईला ते चाललं असतं, बादलीभर दूध देणारीला नाही चालत. वर पोळ्या, भात आणि गुळानं पोट आंबतं, रवंथ मोडतो, आणि जे खाल्लं तेही अंगी लागत नाही.

"पण आता तं पेंड देतं मी," शेवंताबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता.

"आज जे बीज पिकतं ना, ते दोन-तीन महिन्यांपूर्वी वाढायला लागलेलं असतं. उपासाच्या दिवसांतलं बीज उपाशीच असणार. उपास तेव्हाचा, फळ आता दिसतंय," डॉक्टर म्हणाली. "पोळ्या बंद करा. हिरवा चारा, सुका चारा, आणि दुधाच्या मापानं खुराक. हाडं झाकली जाऊ देत, मग रेतन करू. गाय चांगली आहे. गाईत दोष नाही."

डॉक्टर गेली. शेवंताबाई दावणीजवळ उभ्या राहिल्या. मी जिन्यावरून बघत होते. त्यांनी हात उचलून मोगरीच्या खुब्यावर ठेवला, त्या वर आलेल्या हाडावर, आणि लगेच काढून घेतला. गोठ्यात जन्म काढलेली बाई आणि तिच्या दावणीला गाय उपाशी! त्यांना लाज वाटली. चेहऱ्यावर उघड दिसत होती. "मना कला नाय," त्या म्हणाल्या, मला की गाईला ते ठाऊक नाही. मी मास्तरीणच, मी म्हटलं, "आणि नंदिनीचं काय?"

त्यांनी बाहुलीची दोरी हिसकून तोडली आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. मोगरी फाटकासमोर जायची बंद झाली. लोक घरी पोळ्या घेऊन आले तर बाई हात जोडून परत पाठवायच्या. मका आणवला, ओला चारा रोज यायला लागला, खुराक भिजवून वेळच्या वेळी. फ्लॅटमधल्या बायका रुसल्या, म्हणाल्या, गोमातेच्या तोंडचा घास काढतात. बाईंनी तेही ऐकून घेतलं. कधी ऐकून न घेणारी बाई, त्या थंडीत सगळ्यांचं ऐकून घेत होती. मार्गशीर्ष सरेपर्यंत मोगरीच्या बरगड्या झाकल्या गेल्या, अंगावर तुकतुकी आली.

पण नंदिनीकडे त्या गेल्या नाहीत. मला राग यायचा. मी रोज टोचायचे. त्या म्हणायच्या, "जाईन." मग एकदा माझ्याच हाती तिच्याकडे दुधाची बरणी पाठवली. नंदिनीनं दारातच हसून सांगितलं, "आम्ही हल्ली पिशवीचं घेतो हो." बरणी तशीच परत आली. शेवंताबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, झाकण उघडून आत बघितलं, जशी काही तिनं चिठ्ठी टाकली असेल. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, तो तिनं घेतला आणि उलट वाण पाठवलं, रीतीप्रमाणे. रीत पाळली की माणूस परकं होतं, हे त्या दिवशी मला कळलं.

माघात रेतन झालं. तीन आठवडे बाईंचा जीव टांगणीला. मोगरी उलटली नाही. पुढे डॉक्टर संघप्रिया आली, कोपरापर्यंत हातमोजा चढवला, तपासलं आणि म्हणाली, "गाभण आहे. पेढे काढा." केतननं खरंच पेढे आणले, आणि सगळं स्वतःच्याच हुशारीनं झाल्याच्या थाटात गल्लीभर वाटले. होळी नुकतीच होऊन गेली होती.

त्याच संध्याकाळी शेवंताबाई माझ्या दारात आल्या. इस्त्रीची साडी, हातात पेढ्यांचा पुडा. "चला, मास्तरीनबाय. एकटीला जायाला लाज वाटते," त्या म्हणाल्या. ज्यांना मी कोणासमोर मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, त्या लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

दार नंदिनीनंच उघडलं. तिनं पुड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "या, शेवंताबाई."

मावशी नाही. शेवंताबाई. आम्ही आत बसलो. तिनं पाणी आणलं. पंखा लावला. कसे आहात, केतन कसा आहे, सगळं विचारलं. बाईंना ते सोसेना. त्यांनी पेला न उचलताच सुरू केलं.

"मोगरी गाभन हाय."

"हो? छान झालं. खरंच छान झालं," नंदिनी म्हणाली, आणि तिला मनापासून बरं वाटलं होतं, ते दिसलं. शेवंताबाईंना वाटलं, आता सोपं झालं.

"डाक्टरीन बोलली, तिला नजर-बिजर काय नव्हती. ती उपाशी व्हती. मी तिला पथ्यावर ठेवली, पोटाला दिला नाय, म्हनून उलटत व्हती. तुजा काय संबंध नव्हता, नंदू. तुज्या हाताचा काय नव्हता. माज्या हाताचा व्हता. मी तुला चारचौघीत तोरून बोलली. मना माफ कर."

इतकं सलग बोललेल्या त्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मला वाटलं, झालं. आता ही पोर रडेल, बाई रडतील, आणि मला चहा करावा लागेल.

नंदिनी रडली नाही. तिला आत्ताच कळलं होतं की रांगेतून बाहेर काढण्यामागं नुसती रीत नव्हती, तिच्या हाताचा संशय होता. ती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "डॉक्टर हे केव्हा बोलल्या?"

"दिवालीनंतर."

"आता होळी झाली."

शेवंताबाईंनी हातातला पुडा टीपॉयवर ठेवला.

"तेव्हाच कळलं होतं ना, की माझा संबंध नाही म्हणून? मग इतके दिवस कशाची वाट बघत होतात?" तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "एक विचारू? मोगरी परत उलटली असती, तर आज आला असतात?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. आलो असतो गं, का नाही आलो असतो! असली गोड खोटी वाक्यं आम्हा बायकांच्या पदराला बांधलेलीच असतात. मी शेवंताबाईंकडे बघितलं. त्यांनी ते वाक्य शोधलं असणार. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"नसती आली," त्या म्हणाल्या.

नंदिनीनं मान हलवली. "मला तेच वाटलं," ती म्हणाली. पेढ्यांचा पुडा तिनं दोन्ही हातांनी उचलला, त्यातला एक काढून स्वतःच्या तोंडात घातला, मोगरीसाठी, आणि पुडा परत बाईंच्या हातात दिला. मग ती दारापर्यंत आली. लिफ्टचं बटण तिनंच दाबलं.

खाली येताना शेवंताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मना गाईचा दाखला लागला, मास्तरीनबाय," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला मी वलखत व्हती. तिची वलख नाय पुरली." खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही.

गल्लीच्या तोंडाशी रंजिता उभीच होती, आणखी दोघीतिघी बरोबर. "काय मावशी, गाभन राहिली ना? बगा, तो हात सुटला नि गाय फलली," ती हसत म्हणाली.

शेवंताबाई थांबल्या. आवाज नेहमीसारखा, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. "हात-बित काय नव्हता. गाईला मी उपाशी मारली. बालंतीन म्हनून पथ्यावर ठेवली नि तिच्या अंगाची हारं वर काढली. नि नाव लावला त्या पोरीचा. वसुबारशीला तिला दारातून घालवली, ते माजा पाप हाय. तिचा नाय. ऐकला?"

रंजितानं ऐकलं. तिच्याबरोबरच्यांनीही ऐकलं. बाईंना तेवढ्यानं भागलं नाही. दुसऱ्या दिवशी मोगरीची खबर घ्यायला जी जी आली तिला त्यांनी हेच सांगितलं, त्याच शब्दांत. टॉवरमधल्या बायकांना सांगितलं. चारा आणणाऱ्या शिवाला सांगितलं, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. पाडव्याला पाहुणे आले, त्यांना श्रीखंड वाढता वाढता सांगितलं. प्रत्येक वेळी सांगताना त्यांची मान लाल व्हायची. सरावानं ते सोपं झालं नाही. ऐकणारे कंटाळले. काहीजणी म्हणायला लागल्या की म्हातारीचं डोकं फिरलं. नंदिनीपर्यंत हे पोचत असणारच, इवलंसं तर गाव. पण नंदिनी सकाळी समोरच्या फुटपाथनं जाते, मान वळवून एकदा आमच्या गल्लीकडे बघते आणि बस पकडते. आलेली नाही.

परवा पाहुण्यांसमोर पुन्हा तेच सुरू झाल्यावर केतन वैतागला. आईला बाजूला घेऊन, दात-ओठ खात, हळू आवाजात म्हणाला, "आई, बस ना आता! किती वेळा तेच तेच? सगळ्यांसमोर कशाला बोलतेस? लाज वाटते यार."

"वाटू दे," शेवंताबाई म्हणाल्या. "मी पन तिला सगल्यांसमोरच बोलली व्हती."